बिब्याचे तेल : गुणधर्म, कृती आणि सुरक्षित हाताळणी

हिवाळा सुरू झाला म्हणजे नायगावच्या बाजारात डिंक, खारीक आणि खोबरे यांच्या जोडीने गोडंबीही विकावयास येते. बाळंतिणीसाठी व थंडीच्या दिवसांत घरातील मंडळींसाठी जे लाडू वळले जातात, त्यांत गोडंबीला मानाचे स्थान आहे. हा पांढरट, स्निग्ध व रुचकर गर बिब्याच्या बियांतून निघतो, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु तो काढण्यासाठी बिबा फोडावा लागतो, आणि फोडणाऱ्या स्त्रीच्या हातावर त्या बियांच्या कवचातील काळे तेल उडते, याकडे घेणाऱ्याचे सहसा लक्ष जात नाही. गोडंबी खाणाऱ्याच्या ताटात येते, तिची किंमत मात्र फोडणाऱ्याची कातडी देत असते.

बिब्याच्या दाहकतेची ओळख मराठी माणसाला फार जुनी आहे. चाललेल्या कामात कोणी विघ्न आणले, की त्याने 'बिबा घातला' असे आपण म्हणतो. बिब्याने अंगावर फोड आले, की बिबा 'उतला' असे म्हणतात. हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा असला, तरी बिब्यात नेमके काय असते, ते एकाला उतते व दुसऱ्याला का उतत नाही, आणि त्यापासून हात कसे वाचवावेत, याची माहिती खेड्यापाड्यांत कमीच आढळते. ती माहिती शेतकरी बंधुभगिनींना व गावपातळीवरील कार्यकर्त्यांना व्हावी, या हेतूने बिब्याच्या तेलाची हकीकत पुढे दिली आहे.

झाड आणि त्याचे क्षेत्र

बिब्याला संस्कृतात भल्लातक व हिंदीत भिलावा म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम असे आहे. यातील पहिल्या शब्दाचा अर्थ 'खूण करणारे फळ' असा होतो. धोबी लोक पूर्वी कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा बिब्यानेच करीत, त्यावरून हे नाव पडले. आंबा, काजू व चारोळी ही झाडे याच्याच कुळातील आहेत. कोकणात व गोव्यात काजूच्या ओल्या गराला बिबे म्हणण्याची रीत आहे. तीही या दोन झाडांचे सख्य दाखविते.

बिबा हे मध्यम उंचीचे, पानगळीच्या जंगलात वाढणारे झाड आहे. पाने मोठी, जाड व फांद्यांच्या टोकांशी गर्दी करून आलेली असतात. फुले बारीक असून नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात. म्हणून सर्वच झाडांना फळ धरत नाही. हिवाळ्यात फळे पिकू लागतात. फळाचे दोन भाग स्पष्ट दिसतात. देठाकडील भाग मांसल व नारिंगी रंगाचा असतो. तो वाळवून किंवा भाजून खातात. त्याच्या टोकाशी काळी, चकचकीत, हृदयाच्या आकाराची बी असते. हाच बाजारातील बिबा होय. बीचे कवच कठीण असून त्याच्या जाडीत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात, आणि त्या कप्प्यांत दाहक तेल साठविलेले असते. कवचाच्या आत गोडंबी असते. गोडंबी स्वतः निरुपद्रवी असून सारे विष तिच्या भोवतालच्या कवचात आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

नांदेड जिल्ह्यात गोदावरीच्या दक्षिणेस नायगाव, बिलोली, देगलूर या भागांत काळी जमीन अधिक व जंगल थोडे आहे. तेथील शेतकरी सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी व हरभरा यांत गुंतलेला असतो. बिब्याचे खरे घर जिल्ह्याच्या उत्तरेकडील किनवट व माहूर या बाजूच्या सागवानी डोंगरांत आहे. तेथील आदिवासी व अन्य वननिवासी कुटुंबांना मोह, चारोळी, तेंदूपाने यांच्याबरोबर बिब्यापासूनही काही उत्पन्न होते. वनहक्क कायदा, २००६ अन्वये अशा गौण वनोपजाचे संकलन व विक्री करण्याचा हक्क पात्र वननिवासींना मिळालेला आहे. अशा रीतीने डोंगरातील संकलन, गावातील फोडणी आणि बाजारातील विक्री या साखळीने जंगलाचा व मैदानी मुलखाचा संबंध जुळतो.

तेलात काय असते?

घरोघरी जमीन पुसण्यासाठी जे फिनेल वापरतात, त्याच्या नावावरून फिनॉल हा शब्द पुष्कळांच्या कानावर आलेला असेल. कोळशाच्या डांबरापासून प्रथम वेगळे केलेले फिनॉल हे सहा कार्बन अणूंच्या वर्तुळाला ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एक जोडी लागून झालेले द्रव्य आहे. तेही कातडीला भाजते. वर्तुळाच्या शेजारशेजारच्या दोन जागांवर अशा दोन जोड्या आल्या, म्हणजे त्या द्रव्याला कॅटेकॉल म्हणतात. या कॅटेकॉलला पंधरा कार्बन अणूंची एक लांब शेपटी जोडली, की बिब्याच्या तेलातील मुख्य द्रव्य तयार होते. अशा शेपटीच्या फिनॉलांना रसायनशास्त्रात अल्किल फिनॉल या वर्गात घालतात.

१९३१ साली पी. पी. पिल्ले व सलीमुज्जमान सिद्दिकी या संशोधकांनी बिब्याच्या रासायनिक परीक्षणावरील आपला लेख इंडियन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. भिलाव्यावरून या द्रव्यास भिलावनॉल हे नाव मिळाले. पुढील संशोधनाने असे ठरले, की भिलावनॉल हे एकच द्रव्य नसून एकमेकांस अत्यंत जवळच्या द्रव्यांचे मिश्रण आहे. सर्वांची शेपटी पंधरा कार्बनांचीच असते. फरक असतो तो शेपटीत एक दुहेरी बंध आहे की दोन आहेत, एवढाच.

निसर्गात अशी द्रव्ये अन्यत्रही आढळतात. जपानातील लाखेच्या झाडाच्या चिकात असलेले उरुशिऑल हे भिलावनॉलचे सख्खे भावंड आहे. त्या चिकाने जपानी कारागीर लाकडी भांड्यांवर आरशासारखा लेप चढवितात, आणि तोच चीक नवख्याच्या हातावर फोड आणतो. विसाव्या शतकाच्या आरंभी रिको माजिमा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्याची रचना उलगडली. उत्तर अमेरिकेतील 'पॉयझन आयव्ही' या विषारी वेलीतही हेच उरुशिऑल असते. आपल्याकडे काजूच्या टरफलाच्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल, कार्डॉल व कार्डानॉल ही याच नात्यातील द्रव्ये आहेत. आंबा उतरविताना देठातून उडणाऱ्या चिकाने ओठ किंवा गाल भाजतो, त्याचेही कारण लांब शेपटीचे फिनॉलच होय. म्हणून ज्या माणसाला बिबा उततो, त्याने आंब्याच्या चिकापासून व काजूच्या टरफलापासूनही जपून असावे.

तेलाचे गुणधर्म

बिब्याचे ताजे तेल दाट व तपकिरी असते. हवेशी संबंध येताच ते काळे पडू लागते व हळूहळू घट्ट होते. पाण्यात ते विरघळत नाही. मद्यार्क, पेट्रोल, घासलेट तसेच खोबरेल व इतर खाद्यतेले यांत मात्र ते विरघळते. चुन्याशी संयोग झाला म्हणजे त्याचा रंग गडद काळा होऊन पक्का बसतो. धोबी सुईच्या टोकाने कपड्यावर खूण करून तीवर चुन्याचे पाणी लावीत, ते याचसाठी. अशी खूण कपडा फाटेपर्यंत निघत नसे.

लाकडावर हे तेल लावले असता पाण्याला व वाळवीला अटकाव होतो. बैलगाडीच्या लाकडी आसाला वंगण म्हणूनही ते पूर्वी वापरीत. फॉर्मालिनशी त्याची क्रिया घडवून आणली, की राळेसारखा कठीण पदार्थ बनतो. तो रोगणे, काळे रंग व विजेच्या तारांचे रोधक लेप यांस उपयोगी पडू शकतो. काजूच्या टरफलाच्या तेलावर असा मोठा उद्योग उभा राहिला असून मोटारीच्या ब्रेकच्या पट्ट्यांतही त्याची भुकटी वापरतात. बिब्याच्या तेलाचे क्षेत्र त्या मानाने मर्यादित राहिले आहे.

तेल काढण्याच्या कृती

बिब्याचे तेल काढण्याची जुनी रीत पातालयंत्राची आहे. तळाला छिद्रे असलेल्या मडक्यात बिबे भरून त्याचे तोंड बंद करतात. खड्ड्यात दुसरे भांडे ठेवून त्यावर हे मडके बसवितात व वरून गोवऱ्यांचा विस्तव देतात. उष्णतेने कवचातील तेल पाझरून खालच्या भांड्यात उतरते. यात धूर फार होतो, आणि त्या धुराबरोबर तेलाचे सूक्ष्म कण डोळ्यांत व छातीत जातात. म्हणून ही कृती घरी करू नये.

प्रयोगशाळेत कवचे कुटून मद्यार्क किंवा पेट्रोलसारख्या द्रावकात भिजवितात, द्रावक उडवून देतात आणि उरलेले दाट तेल हवेचा दाब कमी करून ऊर्ध्वपातनाने शुद्ध करतात. नेहमीच्या दाबाखाली तापविल्यास ते उकळण्यापूर्वीच बिघडते. शुद्ध केलेल्या द्रव्यावर हायड्रोजनाची क्रिया केली, की शेपटीतील दुहेरी बंध नाहीसे होतात व पांढरट घन पदार्थ मिळतो. जपानी लाखेच्या द्रव्यावर हीच क्रिया केल्यास तोच पदार्थ हाती येतो. यावरून दोघांचे नाते सिद्ध झाले.

वैद्यकात बिबा औषध म्हणून वापरण्यापूर्वी त्याचे शोधन करतात. विटेच्या भुकटीत तो रगडून तेल शोषून घेणे ही त्यातील प्रसिद्ध पायरी आहे. चरकसंहितेत भल्लातकाचे रसायन म्हणून वर्णन असले, तरी त्याबरोबर पथ्याचे कडक नियमही आहेत. भारत सरकारच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची जी यादी आहे, तीत भल्लातकाचा समावेश केलेला आहे. तेव्हा बिबा दिव्यावर धरून त्याचे थेंब दुधात पाडून पिण्याचा घरगुती प्रयोग कोणीही करू नये. तोंड, घसा व जठर यांना तर इजा होतेच, शिवाय मूत्रपिंडांवरही विपरीत परिणाम होऊ शकतो.

बिबा का उततो?

बिब्याने होणारी इजा दोन प्रकारची असते. दाट तेल कातडीवर उडून तसेच राहिले, तर ती जागा थेट भाजते, काळी पडते व तिच्यावर फोड येतो. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. भिलावनॉलची लांब शेपटी स्निग्ध असल्यामुळे ते कातडीच्या तेलकट थरातून सहज आत शिरते. तेथे ते कातडीतील प्रथिनांशी जोडले जाते. शरीराची संरक्षक यंत्रणा या जोडीला परकी वस्तू समजते व तिच्यावर हल्ला चढविते. खाज, सूज, लाली व पाण्याने भरलेले फोड हे या लढाईचे परिणाम होत.

ही यंत्रणा प्रथम वेळी शत्रूची ओळख करून घेते. म्हणून पहिल्यांदा बिबा हाताळणाऱ्याला आठवडा-दोन आठवडे काहीच होत नाही, अथवा मुळीच होत नाही. एकदा ओळख पटली, की पुढील वेळी एक-दोन दिवसांतच अंग उतते, आणि मग सुईच्या टोकावर राहील एवढे तेलही पुरेसे होते. माणसामाणसांत ही ओळख पटण्याची शक्ती कमीअधिक असते. एकाच घरातील सासूला काही होत नाही व सुनेचा चेहरा सुजतो, त्याचे कारण हेच. त्यात कोणाची नजर, कोणाचे पाप किंवा कोणाचा नाजूकपणा शोधू नये.

या दिरंगाईमुळे दोन गैरसमज होतात. पहिला असा, की काम करताना झोंबले नाही म्हणजे हात सुरक्षित आहेत. वास्तविक इजा दुसऱ्या दिवशी दिसते, आणि तोवर धुण्याची वेळ टळलेली असते. दुसरा गैरसमज असा, की फोडातील पाणी लागून रोग पसरतो. फोडातील पाण्यात बिब्याचे तेल नसते. नवे फोड येतात ते नखांत, पदराला, ठोकणीच्या दांड्याला किंवा पोत्याला राहिलेल्या तेलामुळे. वाळलेले तेलही कित्येक महिने आपला गुण सोडत नाही.

कपड्यावरची धोब्याची खूणही निरुपद्रवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर व कमरेवर नेमक्या कपड्यांच्या खुणांच्या जागी चट्टे उठू लागले. तेथील डॉक्टरांनी १९४३ साली त्याचे कारण बिब्याची शाई असल्याचे दाखवून दिले. धुतलेल्या, वाळलेल्या कपड्यावरील ठिपका जर एवढे करू शकतो, तर दिवसभर बिबे फोडणाऱ्या उघड्या हातांचे काय होत असेल, याची कल्पना करता येईल.

गोडंबी काढण्याची सुरक्षित रीत

गोडंबी काढण्याचे काम प्रायः स्त्रिया घरच्या अंगणात बसून करतात. डाव्या हाताच्या चिमटीत बिबा धरून तो दगडावर उभा ठेवावयाचा, उजव्या हाताने ठोका द्यावयाचा व फुटलेल्या कवचातून गर अलगद काढावयाचा, असे हे काम आहे. जेथे मजुरी वजनावर ठरते, तेथे हात भराभर चालविण्याकडे ओढा असतो. बोटे काळवंडतात, कातडी जाड होऊन तिला भेगा पडतात, आणि भाकरी थापताना त्या भेगा झोंबतात. गर काढताना हात राखेत बुडविण्याची व कामापूर्वी खोबरेल लावण्याची रीत जुनी आहे. ती टाकाऊ नाही, परंतु तिचे मर्म समजून घेतले पाहिजे.

राख तेल शोषून घेते, म्हणून ती उपयुक्त आहे. मात्र काळी पडलेली राख वारंवार बदलली पाहिजे. खोबरेलाचा थर आरंभी कातडीचे रक्षण करतो, परंतु बिब्याचे तेल खोबरेलात विरघळते, हे वर सांगितलेच आहे. म्हणजे तोच थर तासन् तास हातावर ठेवला, तर तो राखणदार न राहता बिब्याच्या तेलाला आत नेणारी वाट होतो. खोबरेल लावावयाचे असेल, तर थोड्या थोड्या वेळाने ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून नवे लावावे. नुसत्या पाण्याने हात धुणे व्यर्थ आहे, आणि चुन्याने तर डाग अधिक पक्का बसतो.

याकरिता पुढीलप्रमाणे व्यवस्था ठेवावी.

१. बिबे उन्हात पूर्ण वाळवून मगच फोडावेत. ओल्या बिब्यातील पातळ तेल अधिक उडते.

२. बिबा बोटांत न धरता लोखंडी चिमट्यात धरावा. ठोकण्यासाठी मधोमध खळगा असलेला लाकडी ठोकळा घ्यावा, म्हणजे बिबा घसरत नाही व तेलाचे शिंतोडे खळग्यातच राहतात.

३. हातांत प्रथम सुती व त्यावर जाड प्लास्टिकचे मोजे घालावेत. फुग्यासारख्या पातळ रबरी मोज्यांतून हे तेल काही वेळाने आत झिरपते. त्यांवर विसंबून राहू नये. फाटलेला मोजा मोजा नसण्यापेक्षाही वाईट, कारण आत गेलेले तेल तेथेच कोंडून राहते.

४. डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा जुना सदरा व मांडीवर गोणपाट असावे. कामाचे कपडे वेगळे ठेवावेत व घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत.

५. काम मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून करावे. तान्ही मुले व गुरे जवळ येऊ देऊ नयेत. काम चालू असता तोंड, डोळे किंवा मूल यांना हात लावू नये. तंबाखू मळू नये.

६. काम संपताच हात प्रथम राखेने किंवा कोरड्या फडक्याने पुसावेत आणि नंतर साबण व भरपूर गार पाणी यांनी दोन-तीन वेळा धुवावेत. नखे कापलेली असावीत व त्यांच्या फटी घासून स्वच्छ कराव्यात. हे जितके लवकर होईल तितके चांगले. पहिली काही मिनिटे फार मोलाची असतात.

७. उरलेली कवचे घरातील चुलीत जाळू नयेत. त्यांच्या धुराने डोळे, चेहरा व श्वासनलिका यांना सूज येते. वस्तीपासून व विहिरीपासून दूर खड्डा घेऊन त्यात ती पुरावीत.

कोकणातील काजू कारखान्यांत तरफेवर चालणारे कापणी यंत्र वापरतात, त्यामुळे बी हातात धरून फोडावी लागत नाही. गावातील लोहार व सुतार यांच्या साहाय्याने अशाच तत्त्वावर बिब्यासाठी साधी तरफ करून पाहण्यास हरकत नाही. एकट्या स्त्रीला साधनांचा खर्च झेपणार नाही, पण महिला बचत गटाने मोजे, चष्मे, चिमटे व साबण एकत्रित घेतले, तर खर्च वाटून जातो.

बिबा उतल्यास काय करावे?

अंगावर तेल पडल्याचे लक्षात येताच वरीलप्रमाणे पुसून व साबणाने धुऊन काढावे. गरम पाणी वापरू नये. खाज व लाली उमटल्यानंतर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. फोड फोडू नयेत व खाजवू नये, कारण त्यातून जखम चिघळते. धुतल्यानंतर खोबरेल लावल्याने कातडी मऊ राहते, एवढाच त्याचा उपयोग. न धुता तेल चोळले तर बिबा पसरतो. डोळ्यांत तेल उडाल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडून तत्काळ डॉक्टरकडे न्यावे. चेहरा किंवा जननेंद्रिय सुजणे, ताप येणे, श्वास लागणे, लघवी कमी अथवा गडद होणे, किंवा बिबा पोटात जाणे यांपैकी काहीही घडल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठावे, आणि बिब्याशी संबंध आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ते न सांगितल्यास कारण कळण्यास विलंब लागतो.

सोडून देण्याजोग्या चाली

पायात काटा मोडला किंवा टाच दुखली, की तापविलेल्या बिब्याचा चटका देण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. चटक्याने मूळ दुखणे काही वेळ विसरले जाते, पण काटा आत तसाच राहतो व वर भाजलेली जखम होते. बैलाच्या खांद्याला व खुरांच्या भेगांना बिबा लावण्याचेही असेच आहे. जनावराला बोलता येत नाही, म्हणून त्याचा दाह आपल्याला कळत नाही. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घ्यावा.

सर्वांत घातक चाल तान्ह्या मुलांबाबतची आहे. पोट फुगले, मूल रडू लागले, की पोटावर किंवा सांध्यांवर बिब्याचे ठिपके देतात. तान्ह्या मुलाची कातडी पातळ असते. मोठ्या माणसाला जेथे ठिपका उठतो, तेथे मुलाला खोल जखम होते, आणि तिच्यातून जंतू शिरून जिवावर बेतू शकते. दृष्ट लागू नये म्हणून पाळण्याला बिबा बांधतात. तोही मूल तोंडात घालण्याचा संभव असतो. आजीचे प्रेम खरे असले, तरी बिब्याचे तेल प्रेम ओळखत नाही. लिंबू-मिरचीबरोबर बिबा ओवून विकणाऱ्यांनीही तो उघड्या बोटांनी टोचू नये.

कार्यकर्त्यांचे काम

बिबा हे टाकून देण्याजोगे झाड नाही. खडकाळ, उताराच्या व पिकांस अयोग्य अशा जागी ते तग धरते. ताजे बी पावसाळ्याच्या आरंभी पेरल्यास रोपे तयार होतात. मात्र वाढ सावकाश असल्याने झटपट उत्पन्नाची अपेक्षा धरू नये, आणि पायवाट, पाणवठा व शाळा यांच्याजवळ लागवड टाळावी. असलेली फळधारी झाडे राखणे हेच अधिक शहाणपणाचे आहे. त्यांच्या चिकाच्या भीतीने लाकूडतोड्याही सहसा त्यांना कुऱ्हाड लावीत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, गावात बिबे फोडणारी घरे कोणती आहेत याची नोंद करावी. त्या घरी जाऊन हात पाहावेत. अंगणवाडी व आरोग्य कार्यकर्तींच्या मदतीने एकत्र बसून चिमटा, ठोकळा, मोजे व हात धुण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. तोंडी उपदेशापेक्षा एक वेळचे प्रात्यक्षिक अधिक काम करते. खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्यांशी बोलून साधनांचा खर्च मजुरीतून न कापता भावात धरण्याचा आग्रह धरावा.

बिब्याच्या कवचातील तेल हे झाडाने आपल्या बियांच्या रक्षणासाठी निर्माण केलेले शस्त्र आहे. त्याचा स्वभाव बदलता येणार नाही. ते पाण्याने जात नाही, लागताच कळत नाही व वाळल्याने मरत नाही, या तीन गोष्टी ज्या घरात पक्क्या ठाऊक झाल्या, त्या घरातील हात पुष्कळ अंशी वाचतील. नायगावच्या बाजारात गोडंबी यापुढेही येत राहील, आणि ती यावी. ती आणणाऱ्या स्त्रीला त्याच हातांनी न झोंबता भाकरी थापता आली पाहिजे, एवढी काळजी मात्र सर्वांनी मिळून घ्यावयास हवी.